पिशवीतला धूर, बधिर बोटं आणि झिजलेला पेपर

प्रश्न थोडक्यात असा आहे. कराडजवळ २० बाय ३० फुटांची, १० फूट उंचीची पत्र्याची शेड, आत फर्निचरचं काम. चार माणसं, हातात धरायचा एक बेल्ट सँडर (फिरत्या पट्ट्याने लाकूड घासणारं मशीन), १२५ मिमीचे दोन रँडम ऑर्बिटल (गोल पॅडचे सँडर) आणि अडीनडीला ग्राइंडरवर फ्लॅप डिस्क (सँडपेपरच्या पाकळ्यांची चकती). देव्हाऱ्याचं सीलर (पॉलिशआधी लाकडाची छिद्रं बुजवणारा थर) घासून सगळे जेवायला गेले, परत आले तर सँडरच्या पिशवीतून धूर निघत होता. एका कामगाराची बोटं रात्री बधिर होतात, दुसऱ्याला सागवान घासलं की मनगटावर पुरळ येतं. आता १२ इंची डिस्क सँडर घ्यायचा विचार आहे. काय सांभाळायचं, आणि पैसे आधी कशात घालायचे?

या तीन तक्रारींपैकी पुरळ सोडलं तर बाकी दोन एकाच जागी येऊन मिळतात: सँडपेपर झिजला तरी बदलायचा नाही, आणि कापत नाही म्हणून वरून दाबायचं. करवतीला सगळे भितात. सँडर मऊ वाटतो, म्हणून त्याच्याशी कुस्ती खेळली जाते.

आधी धुराचं पाहू. सीलर, पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश) किंवा लांबी (भेगा भरायची पुटी) घासल्यावर उडणारी पावडर नुसत्या लाकडाच्या भुश्शासारखी नसते. ती जास्त बारीक असते, पॅडखालून निघताना गरम असते, आणि पुरतं न सुकलेलं फिनिश असेल तर पिशवीतही त्याची रासायनिक क्रिया चालूच राहते. पिशवी गच्च भरलेली असली की आतली उष्णता बाहेर पडत नाही. तासाभरात मधला गोळा धुमसायला लागतो, म्हणूनच धूर काम करताना निघत नाही, जेवायला गेल्यावर निघतो. दुसरं कारण ठिणगीचं. खिळे ठोकायच्या ब्रॅड गनची पिन किंवा लाकडात राहिलेली चूक (बारीक खिळा) पॅडला घासली की बारीकशी ठिणगी पंख्यातून थेट पिशवीत जाते. झिजलेल्या पेपरने दाबून घासलं की उष्णता वाढते आणि या दोन्ही गोष्टींना हातभार लागतो.

म्हणून पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करा. लाकूड घासून झाल्यावर सीलरकडे वळताना मध्ये एकदा रिकामी करा. जेवायला जाताना आणि संध्याकाळी शेड बंद करताना तर हमखास. ती पावडर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, डबा शेडच्या बाहेर. ग्राइंडरने लोखंड घासायचं असेल तर ते काम या जागेपासून लांब, आणि सँडरची नळी किंवा पिशवी चुकूनही ग्राइंडरला जोडायची नाही.

धूर दिसलाच तर काय करायचं, हे आधीच ठरलेलं असू द्या. प्लग काढा, सँडर पिशवीसकट हळूच उचलून बाहेर न्या, पिशवी पाण्याच्या बादलीत बुडवा. पिशवी झटकून किंवा उघडून आत बघायचं नाही. धुमसणारी पावडर हवेत उडाली की भडका होतो. फायर एक्स्टिंग्विशरचा जोराचा झोतही भुश्शाच्या ढिगावर सरळ मारू नये, तेच होतं. जवसाच्या तेलाच्या चिंध्यांचीही हीच जात आहे. बोळा करून कोपऱ्यात टाकलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ती उघड्यावर एकेक पसरून वाळवा, नाहीतर पाण्याच्या डब्यात टाका.

आता बधिर बोटं. रँडम ऑर्बिटलचं पॅड दोन गती एकत्र करतं: मिनिटाला साधारण १०-१२ हजार बारीक फेऱ्या, आणि त्याबरोबर सावकाश गोल फिरणं. वरून दाबलं की गोल फिरणं थांबतं, नुसती थरथर उरते, आणि ती सगळी हातात येते. लाकडावर पिळदार ओरखडे पडतात ते वेगळेच. हे डोळ्यांनी बघायची सोपी युक्ती आहे. पॅडच्या कडेला मार्करने एक ठळक उभी रेघ मारा. काम करताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. थांबली की समजा, दाब जास्त झाला. मशीनचं स्वतःचं वजन आणि त्यावर टेकलेल्या हाताचं वजन, इतका दाब पुरतो. सरकवायचा वेग सेकंदाला २-३ सेंटिमीटर. कामगाराला हे फार हळू वाटतं, आणि चूक तिथेच होते. घाईघाईत चार वेळा फिरवण्यापेक्षा सावकाश दोनदा फिरवलेलं आधी उरकतं.

त्या पोराचे हात डॉक्टरांना दाखवून घ्या. बोटांची टोकं थंडीत पांढरी पडत असतील तर सतत थरथरीच्या कामाने रक्तवाहिन्या आणि नसांना झालेली ती इजा असू शकते. वेळीच काम बदललं नाही तर ती कायमची होते. तोवर त्याला सलग २०-२५ मिनिटांपेक्षा जास्त सँडरवर ठेवू नका, मध्ये जुळणीचं नाहीतर लांबी भरायचं काम द्या. मशीनही तपासा. पॅडचा फोम एका बाजूने बसलाय का, बेअरिंग खडखडतंय का, १२५ मिमीच्या मशीनवर दुसऱ्या मापाचं पॅड बसवलंय का? तोल गेलेलं पॅड नव्या पेपरनेही हात बधिर करतं.

पॅडच्या वर रबराची एक कडी असते, ती ब्रेक. पॅड हवेत असताना त्याला मोकाट पळू न देणं हे तिचं काम. ती झिजली की उचललेलं पॅड पूर्ण वेगाने गरगरतं, आणि लाकडाला टेकवताक्षणी अर्धचंद्राकृती खड्डा पाडतं किंवा पेपर भिरकावून देतं. मशीन उचलून चालू करा. पॅड सावकाश फिरायला हवं. भिंगरी झाली तर कडी बदला, स्वस्तात मिळते. बदलेपर्यंत पॅड लाकडावर टेकवूनच बटण दाबा. काम झाल्यावर चालू मशीन उचला, मग बंद करा, आणि पॅड पुरतं थांबल्याशिवाय खाली ठेवू नका.

पेपर कधी बदलायचा? अंगठा हलकेच फिरवून बघा, अर्थात प्लग काढून. टोचलं तर धार आहे, गुळगुळीत लागलं तर पेपर गेला. एका गोल पेपरची किंमत चहाच्या कपाएवढी, आणि तो वाचवायला आपण मशीनचं मोटर-बेअरिंग आणि माणसाचं मनगट झिजवतो. दाबून घासलं की व्हेलक्रोचे आकडेही उष्णतेने वितळतात. मग नवा पेपरही धरत नाही, चालू कामात तबकडीसारखा उडतो. पेपरची भोकं पॅडच्या भोकांवर जुळवून लावा. अर्धी झाकली गेली तर धूळ ओढलीच जात नाही आणि पेपर भरून बसतो. शिवाय पेपरच्या नंबरांच्या पायऱ्या गाळू नका (नंबर मोठा तितका पेपर बारीक). ८०, १२०, १८० असं जा. ८० वरून थेट २२० वर उडी मारली की आधीचे ओरखडे जात नाहीत आणि माणूस पुन्हा दाबायला लागतो.

धुळीबद्दल जरा बसून बोलायला हवं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली, मुख्यतः नाक आणि नाकालगतच्या पोकळ्यांच्या कर्करोगामुळे. रंध्याचा ढलपा किंवा करवतीचा भुस्सा जमिनीवर पडतो. सँडरची पावडर तासन्‌तास हवेत तरंगते, आणि जी दिसत नाही तीच फुप्फुसात खोल जाते. किती धूळ म्हणजे जास्त? युरोपात कठीण लाकडाच्या धुळीची मर्यादा आता एक घनमीटर हवेत २ मिलिग्रॅम आहे. तुमच्या शेडमध्ये साधारण १७० घनमीटर हवा मावते. म्हणजे सगळ्या शेडभर मिळून ३४० मिलिग्रॅम. भाजीत टाकायच्या मिठाची एक चिमूट! एवढी पावडर हवेत तरंगली की मर्यादा गाठली. सँडरच्या पिशवीच्या शिवणीतून तेवढी सहज गळते.

म्हणून मशीनला लावलेली कापडी पिशवी म्हणजे धुळीचा बंदोबस्त नव्हे. व्हॅक्यूम लागतो, त्याचं पुढे लिहिलंय. तोंडाला गमछा बांधून समाधान होतं, संरक्षण होत नाही. मास्कवर आयएस ९४७३ आणि एफएफपी २ असं छापलेलं बघून घ्या. दोन्ही इलास्टिक लावायचे, एक मानेवर, एक डोक्यावर. नाकावरची पट्टी दाबून बसवायची. दाढी असेल तर कडेने हवा आत येते, मिशी चालते. रोज घासकाम करणाऱ्याला रबराचा अर्धा मास्क आणि बदलायचे फिल्टर परवडतात. पण एक घोळ फार होतो: तोच धुळीचा फिल्टर लावून पीयूचा स्प्रे मारतात. धुळीचा फिल्टर थिनरची वाफ अडवत नाही, तिला वेगळी कार्ट्रिज लागते.

आणि काम आटोपल्यावर कॉम्प्रेसरच्या हवेने अंग आणि टेबल उडवायचं पूर्ण बंद. दिवसभर खाली बसलेली धूळ त्या एका मिनिटात परत नाकाच्या उंचीवर येते. व्हॅक्यूम फिरवा, नाहीतर पाणी शिंपडून झाडा. वर्षातून दोनदा पत्र्याखालच्या अँगलवर हात फिरवून बघा. तिथे ३ मिमीपेक्षा जाड थर साचला असेल तर तो आगीचा साठा आहे. कुठे लहान भडका झाला की थर हादरून खाली येतो आणि खरा स्फोट त्या ढगाचा होतो.

पुरळ आलेल्या माणसाचं कारण वेगळं. सागाच्या लाकडात डीऑक्सिलॅपाचॉल नावाचं द्रव्य असतं, ते काहींच्या कातडीला सोसत नाही. शिसवीच्या जातीतली लाकडंही असाच त्रास देतात. एकदा शरीराने वाकडं घेतलं की पुढे थोड्या धुळीनेही उठतं. लांब बाह्या, घामावर धूळ बसली की साबणाने धुणं, कामाचे कपडे घरच्या कपड्यांत न मिसळणं. इतकं करूनही येत असेल तर त्याच्याकडून साग घासून घेऊ नका. धाप किंवा छातीत शिट्टी येत असेल तर मलमावर भागवू नका, डॉक्टरांना लाकडाचं नाव सांगा. काय घासतोय ते आधी बघायचं, हा धडा मिरजेच्या सतारमेकर गल्लीलाही लागू आहे. तिथे तुणाच्या लाकडाबरोबर वाळलेला भोपळाही घासला जातो, आणि भोपळ्याच्या पोटात तोंड घालून केलेलं घासकाम मास्कशिवाय करू नये.

वाई-साताऱ्याकडच्या जुन्या वाड्यांचं लाकूड तुमच्याकडे येत असेल तर दोन गोष्टी जास्तीच्या. एक, खिळे. जाड लोहचुंबक दोरीला बांधून तुळईवरून फिरवा. मोडून आत राहिलेला खिळा बेल्ट फाडतो आणि ठिणगी पाडतो. दोन, जुना ऑइलपेंट. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नको हा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या दारा-खिडक्यांवर शिशाचा रंग आहे असंच धरून चाला. तो कोरडा सँडरने घासायचा नाही. वॉटर पेपर पाण्यात भिजवून हाताने घासा किंवा खरवडा, आणि निघालेला चोथा गोळा करा. ते काम लहान मुलं वावरतात त्या अंगणात तर नकोच.

बेल्ट सँडरकडे वळू. याचा खालचा पट्टा पुढून मागे, म्हणजे तुमच्याकडे पळतो. त्यामुळे मशीन स्वतः पुढे ओढ घेतं आणि खालची फळी मागे, तुमच्या पोटाकडे फेकतं. ठोकळा लावायचा तो तुमच्या बाजूला, फळीपेक्षा कमी जाडीचा, म्हणजे मशीन त्याला अडकत नाही. शिवाय दोन क्लॅम्प. एका हाताने फळी आणि एका हाताने मशीन, हा प्रकारच नको. पट्ट्याच्या आत बाण छापलेला असतो, तो मशीनच्या बाणाशी जुळवा. एकावर एक चिकटवलेल्या सांध्याचा पट्टा उलटा लावला की सांधा उकलतो आणि फटकन तुटतो. पट्टा एका कडेला सरकून बॉडीला घासत असेल तर ट्रॅकिंगचा नॉब फिरवून मधोमध आणा. पावसाळ्यात पाटण-कोयनेकडे तर पट्टे आपोआप वळतात. ते घडी घालून खणात न कोंबता ४ इंची पीव्हीसी पाइपवर अडकवून ठेवा.

या मशीनचा सगळ्यात ओंगळ अपघात वीज गेल्यावर होतो. लॉक बटण दाबून काम चाललेलं असतं, वीज जाते, माणूस मशीन टेबलावर ठेवून बाहेर चहाला. वीज येते, आणि सँडर टेबलावरून चालत निघतो. वाटेत वायर आली तर ती खातो, माणूस आला तर पायावर पडतो. वीज गेली की आधी प्लग काढायचा, ही सवय लावा. प्लग लावायच्या आधी बटण सुटलंय का बघा. शेडच्या बोर्डाला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असू द्या, आणि लांब एक्स्टेंशन किमान १.५ चौरस मिमी तांब्याच्या वायरचं. बारीक वायरीत व्होल्टेज पडलं की मोटर तापते, वेग उतरतो, आणि मग? माणूस दाबतो.

ग्राइंडरवरच्या फ्लॅप डिस्कबद्दल माझं मत कडक आहे: सपाट फर्निचरला ती वापरूच नका. १०० मिमीची चकती मिनिटाला ११,००० फेऱ्यांनी फिरते तेव्हा तिच्या कडेचा वेग ताशी सुमारे २०० किलोमीटर होतो. बैठकीचा ओंडका आकाराला आणायला ठीक आहे, पण गार्ड काढून कधीच नाही, दोन्ही हातांनी धरून, चकतीवर छापलेले आरपीएम मशीनपेक्षा जास्त असतील तरच, आणि वर चेहऱ्याचं शिल्ड. हातातला दोरा, गंडा, कडं, मानेभोवतीचा गमछा हे कुठल्याही फिरत्या मशीनपाशी नको. कानाचं एका वाक्यात: हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर कानात इअरप्लग घाला.

आता डिस्क सँडर. त्याची १२ इंची उभी तबकडी मिनिटाला १,४४० फेऱ्यांनी फिरते, कडेला ताशी ८० किलोमीटर. समोरून बघताना जी बाजू खाली जाते तिथेच काम टेकवायचं, बहुतेक मशीनवर ती डावी असते. तिथे तबकडी लाकूड टेबलावर दाबून धरते. वर येणाऱ्या बाजूला टेकवलं तर ते उचलून तोंडावर फेकते. टेबल आणि तबकडीतली फट दीड ते दोन मिमी, जास्त नाही. टेबल तिरकं केल्यावर फट वाढते, ती पुन्हा जुळवायची. पोळपाटाचे पाय किंवा चौरंगाचे गोल खूर बोटांत धरून टेकवू नका. गोल तुकडा गरगरतो आणि बोट फटीत ओढतो. ठोकळ्याला व्ही आकाराची खाच पाडा आणि तुकडा त्यात बसवून धरा. या मशीनवर हातमोजे नकोत, तेही फटीत जातात. हातातल्या ऑर्बिटलवर मोजे चालतात. घेताना एक गोष्ट अडून मागा: वीज जाऊन आल्यावर आपोआप सुरू न होणारा स्विच. दुकानदार त्याला एनव्हीआर म्हणतात. आणि बॉडीला नीट अर्थिंग.

पैशाचं विचारलंत, तर आधी व्हॅक्यूम, मग डिस्क सँडर. ऑर्बिटलना ३५ मिमी नळीचा, हेपा फिल्टरचा (अगदी बारीक धूळ अडवणाऱ्या) वेट-ड्राय व्हॅक्यूम पुरतो. सँडर आणि व्हॅक्यूमच्या मध्ये झाकण घट्ट बसणारी २० लिटरची रंगाची रिकामी बादली आणि वर प्लॅस्टिकचं सायक्लोन (हवा गरगर फिरवून धूळ खाली पाडणारं नरसाळं) बसवा. बहुतेक पावडर बादलीतच पडते आणि महागडा फिल्टर लवकर भरत नाही. मात्र पिशवीचा नियम बादलीलाही लागू, सीलरची पावडर रात्रभर तिच्यात ठेवायची नाही. डिस्क सँडरला हा व्हॅक्यूम पुरणार नाही. त्याला १०० मिमीच्या नळीचा डस्ट कलेक्टर लागतो, जो तीनचौपट हवा ओढतो. तो खर्च जमेपर्यंत मशीनचं खोकं फोडू नका. आणि व्हॅक्यूमसोबत ८०, १२०, १८० चे पन्नास-पन्नास पेपर आणून टेबलाशेजारी खिळ्याला अडकवून ठेवा, कामगाराला मागायला लागू नयेत असे.